आजाराच्या नावाचा रकाना

बोईसर स्टेशनच्या पुलावरून उतरताना मागून कुणीतरी ओरडलं, "ओ काका, चप्पल!" त्याने वळून पाहिलं. डावी चप्पल चार पायऱ्या वर पडली होती. ती निसटल्याचं पायाला कळलंच नव्हतं. डिसेंबर २०२४ची गोष्ट. त्याआधी महिनाभर तळव्यांना मुंग्या येत होत्या, पण तारापूर एमआयडीसीत बारा-बारा तास उभं राहणाऱ्याला त्या यायच्याच, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

(हा 'तो' म्हणजे लिहिणाराच. स्वतःकडे जरा लांबून पाहिलं की रडगाणं कमी होतं, म्हणून.)

निदान सांगणाऱ्यांना तोटा नव्हता. शेजारी म्हणाले, नस दबलीय. शिफ्टमधल्या सोबत्याच्या मते मणक्यात गॅप. आई म्हणाली, बाहेरचं असेल, एकदा भगताला दाखवून ये. जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गिलां-बारे सिंड्रोमचे) रुग्ण वाढले, टीव्हीवर रोज आकडे येऊ लागले, तेव्हा बायकोने घाबरून विचारलं, "अहो, तेच तर नाही ना?" ते नव्हतं. जीबीएस झपाट्याने वाढतो, साधारण चार आठवड्यांच्या आत कळसाला पोचतो. याचं दुखणं मालगाडीसारखं रेंगाळत चाललं होतं.

जवळच्या एका दवाखान्यात बी-ट्वेल्व्हची लाल इंजेक्शनं सुरू झाली. रक्त तपासलं गेलं नंतर, पालघरला. इंजेक्शनांनंतर रक्तातलं बी-ट्वेल्व्ह भरपूरच दिसतं, त्यामुळे मुळात ते कमी होतं की नव्हतं, हा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला.

पालघर १ ऑगस्ट २०१४ला वेगळा जिल्हा झाला, तरी मज्जासंस्थेच्या डॉक्टरांसाठी त्याच्यापुढे पर्याय दोनच होते: वापी किंवा मुंबई. त्याने मुंबई धरली. डहाणू लोकलमध्ये वरची कडी पकडली तरी हात कडीवर आहे की नाही, हे मान वर करून बघावं लागे. आणि मान खाली घातली की पाठीतून करंट उतरे.

मुंबईच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "चप्पल निसटलेली कळते का?" त्याला हसूच आलं. मग पाय जुळवून, डोळे मिटून उभं केलं. तो डुलायला लागला. पाय कुठे आहेत ही खबर मेंदूपर्यंत नीट जात नसेल, तर डोळे ते काम सांभाळून नेतात. डोळे मिटले की पितळ उघडं पडतं. बेसिनवर तोंडाला साबण लावताना रोज सकाळी तोल का जातो, हे त्याला तेव्हा उमगलं. त्यांनी कोपराजवळची नस चाचपली, अंगावर बधिर चट्टे शोधले. कुष्ठरोगाची शंका आधी मिटवायची होती. ती मिटली.

पुढचा प्रश्न होता कामाचा. कुठलं केमिकल? त्याला ड्रमचा रंग माहीत होता, वास माहीत होता. नाव धड सांगता येईना. एक नाव आठवलं, हेक्झेन. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. जपानमध्ये १९६०च्या दशकात सँडल बनवणाऱ्या कामगारांचे हातपाय याच हेक्झेनने लुळे पडले होते. ते गोंदात असायचं. पण हेक्झेनचा घाव मुख्यतः हातापायांच्या नसांवर बसतो, आणि याच्या नसांची करंट देऊन केलेली तपासणी जवळजवळ नॉर्मल आली. मेंदूचा एमआरआय स्वच्छ. मानेच्या मज्जारज्जूत मात्र एक ठिपका.

एका ठिपक्यावर एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस ठरत नाही. २००१ साली आलेले आणि पुढे सुधारत गेलेले मॅकडोनाल्ड निकष इजेचा पुरावा साधारणपणे एकाहून अधिक जागी मागतात. म्हणून डॉक्टर म्हणाले, "सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय. मध्ये काही वाढलं, तर लगेच या." थांबणं हीसुद्धा तपासणीच असते, हे त्याला पटलं; घरच्यांना अजून पटलेलं नाही. एवढा खर्च करून नाव नाही म्हणजे काय?

नाव नसल्याची पंचाईत खरी कागदावर होते. रजेच्या अर्जात आजाराच्या नावाचा रकाना असतो. त्याने 'पायाला मुंग्या' लिहिलं. अर्ज परत आला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत एमएस आहे, पार्किन्सन आहे. 'तपासणी चालू' असा प्रकार नाही. २०२५पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे ठरावीक व्यवसायजन्य रोग डॉक्टरने सरकारला कळवायचे असत, पण तेही रोगाचं नाव ठरल्यावरच.

डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८पासून जमीन हादरते आहे. परवा रात्री बायकोने विचारलं, "अहो, हललं का?" या घरात हा प्रश्न त्याला विचारण्यात अर्थ नाही. त्याने पंख्याकडे बघितलं. पंखा स्थिर होता.

दुसरा एमआरआय अजून व्हायचा आहे. तोवर तो वहीत तारीखवार लिहितो: चप्पल किती वेळा निसटली, करंट कधी आला. एमआयडीसीतल्या सोबत्यांना त्याचं सांगणं एवढंच: मुंग्या येत असतील, तर आधी रक्त द्या, मग इंजेक्शन घ्या. आणि डॉक्टरकडे जाताना ड्रमवरच्या लेबलावरचं नाव कागदावर उतरवून न्या.