काळूच्या घशात हाडूक नव्हतं



आजची नोंद केळीची नाही, मळ्यावरच्या कुत्र्याची आहे. लिहायला वर्ष लागलं, कारण चूक माझीच होती.

काळू आमच्या फैजपूरच्या शिवारात चार वर्षं होता. कांदेबागेत रात्री रानडुकरं शिरली की त्याच्या भुंकण्यावरून सालदाराला कळायचं, डुक्कर आहे की माणूस. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तो कोल्ह्याशी की दुसऱ्या कुत्र्याशी, कोणाशी तरी झोंबून आला. मानेवर जखम होती. हळद-तेल लावलं, आठवड्यात भरली. मी विसरलो.

दोन महिन्यांनी सालदार म्हणाला, "भाऊ, काळू दोन दिवसांपासून काही खाऊन नाही राहिला. घशात हाडूक अडकलं असंल."

जाऊन पाहिलं तर काळू मोटारीच्या खोलीत, बाजेखाली अंधारात बसलेला. खालचा जबडा लोंबलेला, लाळ गळत होती, आवाज घोगरा. हाक मारली तर शेपूट हलवलं नाही. रोज गाडीच्या आवाजावर धावत येणारा कुत्रा कोपरा धरतो, तेव्हाच थांबायला पाहिजे होतं. मी काय केलं? बॅटरी घेतली, जबडा उघडला आणि बोटं घशापर्यंत घातली. हाडूक नव्हतं. सकाळीच पिलं कापताना माझ्या बोटाला विळा लागला होता.

गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी कुत्र्याचं काही विचारायच्या आधी विचारलं, "हात धुतला का?"

पिसाळलेलं कुत्रं म्हणजे तोंडाला फेस आणि दिसेल त्याला चावणं, एवढंच आपल्याला ठाऊक. पण रेबीजचा दुसरा प्रकार मुका असतो. जबड्याचे, घशाचे स्नायू लुळे पडतात, गिळता येत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं हाडूक अडकलं. गाई-बैलांतही तसंच होतं. लाळ गाळणाऱ्या जनावराच्या घशात हात घालणारे आपल्यात कमी नाहीत. आणि लक्षणं दिसायच्या काही दिवस आधीपासूनच लाळेत विषाणू असतो.

नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं हात धुतला. चुना, मिरची, हळद काही लावलं नाही. काळूला खोलीत कोंडलं. मग आठवायला बसलो, या दिवसांत त्याच्या तोंडाशी कोण कोण आलं? मी, सालदार, आणि सालदाराची धाकटी पोरगी. तिच्या खरचटलेल्या गुडघ्याला काळूनं चाटलं होतं. त्या क्षणी माझे पायच गळाले.

त्याच संध्याकाळी तिघं सरकारी दवाखान्यात गेलो. माझ्या बोटाच्या आणि पोरीच्या गुडघ्याच्या जखमेभोवती सीरम दिलं. लस तिघांनाही: त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. एकही तारीख चुकवली नाही. तिसऱ्या दिवशी काळू गेला. हातमोजे घालून, खोल खड्डा करून पुरला. पोरगी आज शाळेत जाते, हेच माझं नशीब.

केळीच्या एका खोडाला किती ग्रॅम पोटॅश जातं ते मला तोंडपाठ. काळूला लस कधी टोचली ते आठवेना. लहानपणी एकदा टोचली होती, त्यावर काही नाही. वर्षाला एक सुई, तीही राहून गेली.

आता वाघ्या आणलाय. तो आल्या दिवशी जंताचं औषध दिलं. दीड-दोन महिन्यांचा असताना पार्व्हो-डिस्टेंपरची पहिली लस, मग चार महिन्यांचा होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी. तीन महिन्यांना रेबीजची, पुढे डॉक्टर सांगतील त्या तारखेला आणि मग दरवर्षी. या तारखा ठिबकच्या खतांच्या वहीतच लिहिल्यात, म्हणजे नजरेतून सुटत नाहीत. खोलीत उंदरांसाठी मनी मांजर आहे, तिलाही रेबीजची लस दिली. गुरांचं गोचिडाचं औषध मात्र मांजराला लावू नका, आणि पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, जीव जातो.

स्वभावाचंही लस टोचण्याइतकंच आहे. पिल्लू तीन महिन्यांचं व्हायच्या आत त्याला माणसं, बैल, ट्रॅक्टर, लहान पोरं सगळं ओळखीचं करून द्यावं. दिवसभर साखळीला असलेलं कुत्रं राखण कमी करतं, चावतं जास्त. वाघ्याला दुपारी सावलीत बांधतो, संध्याकाळी सोडतो. तो जेवताना पोरांनी जवळ जायचं नाही, हा नियम.

आणि रोज सकाळी पाणी सोडायच्या आधी एक नजर त्याच्यावर टाकतो. खाल्लं का, आला का, आवाज नेहमीचा आहे का? पान पिवळं पडलं की आपण लगेच कारण शोधतो ना, तसंच. कुत्र्यानं वागणं बदललं तर हात लांब ठेवा आणि फोन लावा.

२८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन, लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन. १८८५ मध्ये त्यांची ही लस माणसाला पहिल्यांदा टोचली गेली. एवढी जुनी लस असून आपल्या मळ्यावर पोचत नसेल, तर कमी आपल्यातच आहे.

तुमच्या कुत्र्याची शेवटची लस कधी झाली? वही काढून बघा, आणि तारीख सापडली नाही तर उद्याच घेऊन जा.