अडीच ग्रॅम कशाचे?

सॉफ्टवेअरवाल्या माणसाला नातेवाईक जी कामं सांगतात त्यांची एक ठरलेली यादी असते. प्रिंटर चालत नाही, फोनमधली जागा संपली, आणि "माझ्या पीपीटीचं जरा वेबपेज करून दे ना, तुला काय, पाच मिनिटांचं काम!" पहिली दोन कामं खरंच पाच मिनिटांची असतात (प्रिंटरची खात्री देत नाही). तिसऱ्यात माझे तीन विकांत गेले. त्याबद्दलच आज लिहितोय, कारण ऑफिसात आपण सगळेच दर आठवड्याला कुणाचा ना कुणाचा 'डेक' मागत असतो.

काम मामांचं होतं. मामा सातारा जिल्ह्यात आरोग्य सहाय्यक होते, निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. विहिरीच्या पाण्यात टीसीएल पावडर कशी आणि किती टाकायची, हे ग्रामपंचायतींच्या जलसुरक्षकांना शिकवणं हा त्यांच्या नोकरीतला आवडता भाग. २००३ साली कुणीतरी त्यांना पॉवरपॉईंट दाखवलं आणि मामांनी ४२ स्लाईड्सचं प्रेझेंटेशन रचलं. त्यातल्या चार स्लाईड्स नुसत्या "विश्रांती"च्या आणि शेवटी गुलाबाच्या फुलासकट "धन्यवाद" :-) त्यांच्याकडे शिकलेल्या एकाचा मुलगा आता गावात जलसुरक्षक झालाय. त्याने मामांकडे ती फाईल मागितली. फोनवर वाचता येईल असं काहीतरी, आणि पावसाळ्याआधी, कारण पहिल्या पावसाचं गढूळ पाणी विहिरीत उतरलं की गावात जुलाब-उलट्या सुरू होतात.

म्हणजे नुसतं चकचकीत दिसून भागणार नव्हतं. वाचणारा माणूस ते वाचून खरोखर विहिरीत काहीतरी टाकणार होता.

सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे प्रत्येक स्लाईडचं चित्र करायचं आणि ४२ चित्रं एकाखाली एक लावायची. बरीच फुकट कन्व्हर्टर्स हेच करतात. पण स्लाईड असते भिंतीवर टाकायला. जुनी स्लाईड १० इंच रुंद, ७.५ इंच उंच. ती फोनच्या उभ्या पडद्यावर बसवली की अक्षरं मुंगीएवढी. चित्रातला शब्द शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही, आणि दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर तिथे मुकाट होतो. तेव्हा ठरवलं की मजकूर मजकूर म्हणूनच काढायचा. आणि मग एकेक थर उलगडत गेला.

पहिला थर अक्षरांचा. फाईल उघडली तर टोप्या घातलेले रोमन स्वर, अपूर्णांक आणि विरामचिन्हं यांचा काला. त्या काळातल्या बहुतेक मराठी फायलींसारखीच हीही युनिकोडपूर्व फाँटमध्ये होती. अशा फाँटमध्ये संगणकाच्या लेखी मराठी नसतंच. असतात रोमन लिपीचे क्रमांक, आणि फाँट त्या क्रमांकांच्या जागी देवनागरीचे तुकडे काढतो. फाँट गेला की मराठी गेली. क्रमांकांचा तक्ता करून अदलाबदल केली तरी भागत नाही, कारण क्रमही वेगळा. "निर्जंतुकीकरण" हा एकच शब्द घ्या. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी 'न'च्या आधी टंकलेली, कारण दिसते तशी. युनिकोडमध्ये ती 'न'च्या नंतर साठवतात, कारण बोलतो तशी. रफाराचं उलटं: जुन्यात तो 'ज'च्या नंतर, युनिकोडमध्ये 'र' आणि हलन्त 'ज'च्या आधी. म्हणजे एका शब्दात दोन उड्या, त्याही विरुद्ध दिशांना. हे काम प्रोग्रॅमने होतं. एक शनिवार गेला, पण झालं.

दुसरा थर जागेचा. पॉवरपॉईंटची नवी फाईल (पीपीटीएक्स) म्हणजे खरं तर एक झिप असते. नावाचं शेपूट बदलून उघडा, आत प्रत्येक स्लाईडची एक एक्सएमएल फाईल सापडेल. मामांची जुनी फाईल त्या रूपात आणून आत डोकावलो. तिथे परिच्छेद, प्रकरण असलं काही नसतं. चौकटी असतात. ही चौकट डावीकडून इतकी, वरून इतकी, आणि माप इतकं बारीक की एका इंचाचे ९,१४,४०० भाग. चौकटी फाईलमध्ये एकामागून एक येतात त्या वाचायच्या क्रमाने येतीलच असं नाही. कुठली चौकट कुठल्या चौकटीच्या वर काढायची, त्या क्रमाने येतात. मागाहून डकवलेली चौकट शेवटी.

वेबपेजचं नेमकं उलटं. तिथे जागेला फार किंमत नाही, क्रमाला आहे. मजकूर वरून खाली वाहतो आणि पडदा असेल तसा वळतो. त्यामुळे स्लाईडचं पान करायचं म्हणजे जागेचा अर्थ क्रमात सांगायचा. मामांच्या एका स्लाईडवर विहिरीचं सूत्र होतं:

३.१४ × व्यास × व्यास × खोली ÷ ४ × १००० = लिटर

त्याच्या बाजूला, नंतर कधीतरी डकवलेली एक छोटी चौकट: "फक्त पाण्याची!" आणि तिथून निघालेला लाल बाण "खोली"वर टेकलेला. माझ्या प्रोग्रॅमने मजकूर काढला तेव्हा सूत्र वर आलं, "फक्त पाण्याची!" सगळ्यात खाली गेलं, आणि बाण गळाला. बाणात अक्षरंच नव्हती ना.

आता हिशोब करून बघा. विहिरीचा व्यास ३ मीटर, विहीर १२ मीटर खोल, पण आज पाणी फक्त ४ मीटर. पाण्याची खोली धरली तर २८,२६० लिटर. विहिरीची खोली धरली तर ८४,७८० लिटर. तिप्पट. पावडरही तिप्पट पडणार. मग त्या पाण्याला वास येणार, बायामाणसं म्हणणार "हे औषधाचं पाणी नको", आणि घागरी घेऊन जाणार ओढ्यावर. एक बाण हरवला, बाकी काही नाही.

तिसरा थर आवाजाचा, आणि इथे माझी सगळी हत्यारं संपली. २३ व्या स्लाईडवर एवढंच होतं:

टीसीएल – २.५ ग्रॅ. / १००० लि.
१ तास
ओटी

मी फोन लावला. "मामा, अडीच ग्रॅम कशाचे?"

"अरे कशाचे म्हणजे? पावडरचे."

"कुठल्याही पावडरचे?"

मामा दोन क्षण गप्प. मग म्हणाले, "तू रविवारी इकडेच ये."

त्या रविवारी आणि पुढच्या, मामा सोफ्यावर बसून बोलत होते, मी लॅपटॉपवर टाईप करत होतो. त्या तीन ओळींच्या मागे त्यांचं पाऊण तासाचं भाषण होतं. अडीच ग्रॅम चांगल्या पावडरचे. ताज्या पावडरमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, दमट जागी राहिलं, ऊन-वारा लागला की तो उडत जातो. वजन तेवढंच, पण दम नाही. शिवाय पाणी गढूळ असेल तर क्लोरीन घाणीतच खर्च होतो. "म्हणून अडीच ग्रॅम हा शेवटचा आकडा नाही," मामा म्हणाले, "ती सुरुवात आहे. शेवटचं काय ते ओटी सांगणार."

ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीनची चाचणी. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळा रंग येतो, तो तक्त्यावरच्या रंगांशी ताडायचा. पावडर टाकून एक तास झाल्यावर लिटरमागे निदान ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसला पाहिजे. नाही दिसला तर परत. तोवर पाणी भरू द्यायचं नाही. स्लाईडवरचा "१ तास" तो हा.

आणि पावडर विहिरीत भिरकावायची नाही. बादलीत घ्यायची, एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त नाही. आधी थोड्या पाण्यात कालवून पातळ लगदा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळायचं आणि पाच-दहा मिनिटं थांबायचं. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्यायचं, चुना बाहेर टाकायचा, कारण तो विहिरीत गेला तर पाणी जड होतं. ती दुसरी बादली दोरीने पाण्याच्या पातळीखाली सोडायची आणि वर-खाली, आजूबाजूला चांगली हलवायची. हे सगळं शक्यतो रात्री, दिवसभराचं पाणी भरून झाल्यावर.

यातलं एक अक्षर स्लाईडवर नव्हतं. नोट्सच्या जागा ४२ च्या ४२ रिकाम्या. मामांना त्याची गरजच नव्हती, ते स्वतः तिथे उभे असायचे.

आणि खरं म्हणजे ते साधन बनलंच तसं आहे. १९८७ साली पॉवरपॉईंटची पहिली आवृत्ती आली ती मॅकिंटॉशवर, आणि तिचं मुख्य काम होतं ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिका छापणं. शेजारी बोलणारा माणूस उभा आहे हे त्यात गृहीतच होतं. पुढे आपण स्लाईड मेलने पाठवायला लागलो, जालावर चढवायला लागलो, आणि माणूस वाटेत गळाला. पॉवरपॉईंटमध्येच 'वेबपेज म्हणून जतन करा' अशी सोय बरीच वर्षं होती. २०१० च्या आवृत्तीत ती मेनूतून गेली. एरिक मेयरचं एसफाईव्ह २००४ मध्ये आलं, रिव्हील-जेएस २०११ मध्ये. ही साधनं चांगलीच आहेत, पण ती वेबवर स्लाईडच दाखवतात. गळालेला माणूस त्यांना परत आणता येत नाही.

याची किंमत किती होऊ शकते, तर कोलंबिया आठवा. १ फेब्रुवारी २००३ ला ते यान परतताना तुटलं, कल्पना चावलासह सात अंतराळवीर गेले. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा पंखावर आदळला होता, आणि यान वर असतानाच इंजिनियरांनी त्या धोक्याबद्दल स्लाईड्स केल्या होत्या. एडवर्ड टफ्टी यांनी त्यातली एक स्लाईड उलगडून दाखवली. आदळलेला तुकडा अंदाजे १,९२० घन इंचांचा, आणि ज्या चाचण्यांवर विसंबून निष्कर्ष काढला त्यातला तुकडा ३ घन इंचांचा. ६४० पट फरक! आणि ही गोष्ट कुठे, तर सगळ्यात खालच्या ओळीत, सगळ्यात आतल्या बुलेटमध्ये. चौकशी मंडळाच्या २००३ च्या अहवालात या विश्लेषणाला जागा मिळाली, आणि तांत्रिक अहवालांऐवजी स्लाईड्स वापरण्याच्या सवयीवर मंडळाने स्पष्ट ताशेरे ओढले. अपघाताचं कारण एकटी स्लाईड नव्हती, हेही खरं. पण आकडा समोर असूनही त्याचं वाक्य झालं नव्हतं.

असो. तर मामांचं पान शेवटी कसं झालं? ४२ स्लाईड्सचं एकच लांब पान, साध्या एचटीएमएलमध्ये. बुलेट जवळजवळ नाहीत. कृतीची पावलं क्रमांकाने, बाकी पूर्ण वाक्यं. मी हौसेने त्यात गणकयंत्र टाकलं: व्यास आणि खोली भरा, ग्रॅम मिळवा. मामांना ते फारसं रुचलं नाही. "विहीर मोजायला दोरी लागते, फोन नाही. तुझं यंत्र असलं की माणूस अंदाजे आकडा भरणार." त्यांची पद्धत अशी: दोरीला दगड बांधून तळाला टेकवायचा, वर ओढायचा, आणि दोरी जेवढी भिजली तेवढी मोजायची. वाद झाला, तडजोड झाली. आता गणकयंत्राच्या आधी एक प्रश्न येतो: "आज दोरी टाकून पाणी मोजलं का?" 'हो' म्हटल्याशिवाय चौकटी उघडत नाहीत. आणि उत्तराखाली ठळक अक्षरात: ही सुरुवात आहे, ओटी केल्याशिवाय पाणी भरू देऊ नका.

मामांनी आणखी एक अट घातली. "माझं ज्ञान जुनं. तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना दाखव, सध्याच्या सूचनांशी ताडून घे, मगच त्या पोराला पाठव." तसंच केलं. जूनच्या आधी पान पोचलं.

आता मंडळी, आपल्याबद्दल. तुमच्या टीममध्येही असा एखादा डेक असणारच: सर्व्हर कसा उतरवायचा, डेटा परत कसा आणायचा, अमुक बटण का दाबायचं नाही. बनवणारा कंपनी सोडून गेलेला किंवा जायच्या बेतात. त्याचं विकीपान करायचं काम तुमच्याकडे आलं तर कन्व्हर्टर शोधायच्या आधी त्या माणसाला गाठा. एकेक स्लाईड समोर धरा आणि दोनच प्रश्न विचारा: "हे दाखवताना तू काय बोलायचास?" आणि "हा आकडा कशाचा?" रेकॉर्डिंग सुरू ठेवा. अक्षरं आणि चौकटी पुढच्या वर्षीही काढता येतील, त्याला प्रोग्रॅम आहेत. माणूस मात्र फोन उचलतोय तोवरच विचारून घ्यायचं.

मामा आता ७६ वर्षांचे आहेत. पुढच्या विकांताला साप चावल्यावरच्या प्रथमोपचाराची फाईल घ्यायची ठरली आहे. स्लाईड्स १८ च आहेत, म्हणजे मामांच्या हिशोबाने दोन रविवार.