पानफुटीचा बॅकअप

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मी एक झाड मारलं. तेही अगदी मनापासून काळजी घेऊन.

झाड म्हणजे साधी पानफुटी. शाळेत असताना वहीत पान ठेवून कोंब फुटायची वाट बघायचो ना, तीच. पण ही आजीच्या हातची होती. वाईच्या घरी मागच्या दारी, डालड्याच्या गंजक्या डब्यात. आजी गेली, पुढे घर विकलं. पितळेचे डबे, पाट, घड्याळ... ज्याला जे हवं ते त्याने नेलं. मी उशिरा पोचलो (रिलीज होता, दुसरं काय!) आणि माझ्या वाट्याला हा डबा आला.

पुण्यात आल्यावर साहेब कामाला लागले. डबा टाकून छानपैकी चिनी मातीची कुंडी आणली. तिला खाली भोक नाही हे लक्षातही आलं नाही. नर्सरीतली काळीभोर माती भरली. मोबाईलवर रोज सकाळी आठचा रिमाइंडर, 'आजीचं झाड – पाणी'. एक दिवस चुकवला नाही. खरं सांगायचं तर आजी होती तेव्हा तिला फोन करायचा रिमाइंडर मी कधी लावला नव्हता.

तीन आठवड्यांत खालची पानं पिवळी पडून लिबलिबीत झाली, शेंड्याने मान टाकली. वाटलं तहान लागली असेल, म्हणून संध्याकाळचाही रिमाइंडर लावला. एका रविवारी सहज हात लावला तर खोड बुंध्यातून सुटून हातात आलं. आतून काळं, कुजकं. तसंच उचलून कचऱ्यात टाकलं.

डीबगिंग नेहमीप्रमाणे सगळं कोसळल्यावर. पानफुटी, जेड, कोरफड ही मंडळी पाणी पानांत साठवतात. पानफुटी मूळची मादागास्करची. दिवसा उन्हात ती पानांवरची छिद्रं मिटून घेते आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेते, तो आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा वापरते. म्हणून पान सकाळी आंबट आणि दुपारनंतर बेचव लागतं. हे बेंजामिन हाइन नावाच्या, भारतात काम करणाऱ्या वनस्पतीशास्त्रज्ञाने पानफुटीचंच पान चाखून 1815 च्या सुमारास लिहून ठेवलंय. (मी चाखलं नाही. तुम्हीही नका चाखू, आणि घरात मांजर असेल तर झाड तिच्यापासून लांब ठेवा.)

तर असं काटकसरी झाड. त्याची मुळं सतत ओल्या मातीत राहिली की त्यांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून झाड सुकल्यासारखं दिसतं. आणि आपण अजून पाणी घालतो!

आईला आठवडाभर सांगितलंच नाही. शेवटी फोनवर कबूल केलं.

"अरे, त्याला रोज कोण पाणी घालतं? शेंडा तरी ठेवलास का? चांगल्या भागापर्यंत कापून, दोन दिवस सुकवून लावला असता तर जगला असता."

"टाकला गं..."

ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "आत्याला विचारते. ती सासरी निघाली तेव्हा आजीने ह्याचंच पान बांधून दिलं होतं."

पुढच्या शनिवारी आई आली. पिशवीत चिवडा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली चार पानं. साताऱ्याला आत्याच्या गच्चीवर म्हणे अख्खी रांग आहे. शिवाय शेजारच्या काकू, आजीकडे कामाला येणाऱ्या मावशी, सगळ्यांकडे आहे. पानातून फुटलेलं रोप बीपासून झालेलं नसतं, जनुकांच्या हिशेबाने ते तेच झाड असतं. म्हणजे मी ज्याला शेवटची प्रत समजत होतो, त्याचे बॅकअप आजी जन्मभर वाटत आली होती.

ह्या वेळी आईच्या पद्धतीने. भोक असलेली मातीची कुंडी, अर्धी माती, अर्ध्यात जाड वाळू आणि विटेचे तुकडे. पानं पुरायची नाहीत, नुसती वर ठेवायची. वरवर थोडा ओलावा, बास. दहा-बारा दिवसांत पानांच्या कडेच्या खाचांतून पांढरी मुळं आणि नखाएवढी रोपं आली. मोठी झाल्यावर बोट मातीत घालून बघायचं, पूर्ण कोरडी लागली तरच पाणी. पावसाळ्यात कुंडी छताखाली.

आता गॅलरीत अकरा रोपं आहेत. रिमाइंडर काढून टाकलाय. त्या जागी रविवारी सकाळी दहाचा एक नवा आहे, 'आत्या – फोन'. टीममधल्या एकाने नवीन घर घेतलंय, सोमवारी त्याच्यासाठी पाकिटात एक पान घेऊन चाललोय. रोज पाणी घालू नकोस, एवढं बजावून सांगणार आहे.