नळीवरची जागा

आमच्या सोसायटीत परवा एक नोटीस लागली. ‘जिन्याखालील सामान संबंधितांनी आठ दिवसांत हलवावे, अन्यथा ते बेवारस समजून त्याची विल्हेवाट लावण्यात येईल.’ नोटिशीत ‘सामान’ असं मोघम लिहिलं असलं, तरी आमच्या जिन्याखाली वस्तू एकच आहे आणि ‘संबंधित’ कोण हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ती वस्तू म्हणजे माझ्या वडिलांची सायकल. नाव न घेता माणसाला बरोबर जागी गाठायचं, ही आमची पुण्याची जुनी पद्धत.

“देऊन टाका आता भंगारवाल्याला,” ही म्हणाली. “ती चालत नाही, तुम्ही चालवत नाही, आणि धूळ मात्र मी पुसायची!”

यातली पहिली दोन विधानं मी खोडून काढू शकलो असतो. सायकल चालते. मीही चालवतो, रविवारी मंडईपर्यंत, निम्मा रस्ता हातात धरून. पण तिसरं विधान शंभर टक्के खरं असल्यामुळे गप्प बसलो. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाल्यावर माणसाला एवढं कळतं.

नेमक्या त्याच आठवड्यात आमचे जावईबापू मुलीला आणि नातीला घेऊन आमच्याकडे राहायला आले. त्यांच्या फ्लॅटला रंग चालला होता. येताना त्यांनी त्यांची सायकलही आणली आणि ती थेट दिवाणखान्यात ठेवली. माझी सायकल जिन्याखाली आणि त्यांची टीव्हीच्या शेजारी! एवढ्यावरून दोघींच्या सामाजिक दर्जाची कल्पना यावी. शेजारचे लोक सत्यनारायणाला आल्यासारखे येऊन तिचं दर्शन घेऊन गेले. किंमत ऐकल्यावर दोघांनी नकळत चपला बाहेर काढल्या.

“एका बोटावर उचलून बघा, बाबा,” जावईबापू म्हणाले.

मी उचलली. खरंच उचलली गेली. गोवर्धन उचलताना श्रीकृष्णालाही इतकं सोपं गेलं नसेल.

मग मी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. स्टँड नाही. कॅरिअर नाही. मडगार्ड नाही. कुलूप नाही. पायडलसुद्धा म्हणे वेगळे विकत घ्यावे लागतात. एवढी लाखांतली किंमत मोजून नुसती मुलगी आणि नारळ!

“ही कशाची केलेली असते हो?” मी विचारलं.

“कार्बन फायबर.”

“म्हणजे?”

जावईबापू कॉम्प्युटरवाले असले तरी समजावून सांगायला कंटाळत नाहीत. त्यांनी सांगितलं त्यातलं मला कळलं ते असं : एक कृत्रिम धागा घ्यायचा. त्याला हवा लागू न देता हजार अंशांच्या वर तापवायचा. बाकीचं सगळं उडून जातं आणि कोळशाचा, केसाहूनही कितीतरी बारीक असा तंतू उरतो. हा तंतू लांबीच्या दिशेनं ओढला तर भलता चिवट, पण आडवा मात्र नाजूक. म्हणून त्याची कापडासारखी पट्टी करायची, ती राळेत भिजवायची, आणि साच्यात एका थराचे तंतू उभे, दुसऱ्याचे तिरके असे थरावर थर देऊन उष्णतेनं आणि दाबानं घट्ट करायची. झाली फ्रेम!

“म्हणजे ही खळ लावलेल्या कापडाची सायकल आहे!” मी म्हटलं. माझ्या आजोबांची टोपी याच तंत्रानं ताठ राहत असे. फक्त तिची किंमत कोणी लाखात केली नव्हती.

जावईबापू हसले, पण दुखावले असावेत. कारण लगेच त्यांनी दोन्ही सायकलींचं वजन करायचा प्रस्ताव मांडला. आम्ही रद्दीवाल्याकडे गेलो. काट्यावर त्यांची सायकल भरली साडेसात किलो. माझी भरली कुलूप-कॅरिअरसकट एकवीस. त्याच आकाराचा तुकडा घेतला, तर पोलादापेक्षा कार्बनचं हे मिश्रण जवळजवळ पाचपट हलकं भरतं म्हणे. रद्दीवाला मात्र माझ्याच सायकलीकडे प्रेमानं बघत होता. “काका, ही द्यायची का? किलोवर घेतो.” मी जावईबापूंच्या सायकलीकडे बोट दाखवून विचारलं, “आणि हिचे काय देशील?” त्यानं ती टिचकी मारून पाहिली आणि मान हलवली. “हे प्लास्टिकबिस्टिक आपल्याकडे चालत नाही.” चला, मेल्यानंतरची किंमत तरी आमचीच जास्त!

या हलकेपणालाही परदेशात आता लगाम घालावा लागला आहे. सायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २००० साली नियम केला की ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल शर्यतीत चालणार नाही. त्यामुळे आधी पैसे मोजून वजन कमी करायचं आणि मग नियमात बसावं म्हणून सायकलीला शिसं लावायचं, असेही प्रकार झाले. वजनात मारलं म्हणून भाजीवालीशी भांडणारी माणसं आम्ही. पण वजन कमी पडलं म्हणून गिऱ्हाइकालाच दंड, हे नवीन होतं.

जावईबापू माणूस प्रामाणिक. त्यांनीच मला सांगितलं की सायकलीतले दर्दी लोक जगभर अजूनही पोलादावर जीव टाकतात. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीनं १९३५ साली ‘५३१’ नावाची नळी काढली. पोलादात मँगनीज आणि मॉलिब्डेनम, आणि नळी टोकांना जाड, मध्ये पातळ. (माझी घडण याच्या बरोबर उलट आहे.) ‘टूर द फ्रान्स’ ही सायकलवाल्यांची पंढरीची वारी. ती १९८६ साली ग्रेग लेमाँडनं कार्बनच्या नळ्यांच्या सायकलवर जिंकली आणि पोलादाचे दिवस भरले. तरी १९९४ साली मिगेल इंदुराइन पोलादी सायकलवरच जिंकला. जपानात केइरिन नावाच्या शर्यतीवर लोक घोड्यांवर लावावेत तसे पैसे लावतात. तिथं पुरुषांच्या शर्यतीत आजही फ्रेम पोलादाचीच लागते. सगळ्यांची सायकल सारखी, मग जिंकेल तो पायांच्या जोरावर.

हे ऐकता ऐकता माझी छाती फुगत चालली होती. “म्हणजे आमची सायकल काही अगदीच हि नाही!”

“तसं नाही, बाबा,” जावईबापू अदबीनं म्हणाले. “ते पोलाद वेगळं. तुमचं साधं आहे. पाण्याच्या पाइपाला असतं ना, त्याच्या जवळपासचं.”

“पण बसायला किती आरामशीर आहे!”

“तो आराम बराचसा टायरचा. जाड टायर, हवा कमी.”

एका वाक्यात दोन पंक्चर. आणि खरं सांगायचं तर पावसात लोखंडी रिमवर तिचे ब्रेक लागत नाहीत, हेही मी सांगायला हवं होतं. पण आपल्या माणसाचे सगळेच दोष जावयाला सांगायचे नसतात.

ही सायकल वडिलांनी १९५८ साली घेतली. सेन-रॅले. वडील तिला ‘नॉटिंगहॅमची’ म्हणत. ती आसनसोलच्या कारखान्यात झाली होती, हे मला मोठेपणी कळलं. वडिलांना ते आधीपासून ठाऊक असणार; पण मॅट्रिक झालेल्या कारकुनाला आयुष्यात एक तरी गोष्ट विलायती असावीशी वाटली, तर त्यात काय बिघडलं? दर रविवारी ते तिला उलटी करून पुसत. वर्षातून एकदा पेठेतल्या सायकलवाल्याकडे तिचं ‘ओव्हरऑइलिंग’ होई. मूळ शब्द ‘ओव्हरहॉलिंग’ आहे हे मला कॉलेजात कळलं, पण पुण्यात तो कोणी वापरताना ऐकला नाही. तेल घालायचं असताना हॉल कुठून आला?

त्या सायकलच्या नळीवर माझी जागा होती. टॉवेलाची घडी घालून मला तिथं बसवत. घंटी वाजवायचा अधिकार माझा. चढ आला की वडिलांचा श्वास माझ्या डोक्यावर लागे, आणि त्यावरून मी डोळे मिटूनही सांगू शकत असे की लकडी पूल आला.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आम्ही शनिवारात, नदीपासून हाकेच्या अंतरावर. पाणी येतंय म्हणेपर्यंत गल्लीच्या तोंडाशी आलंसुद्धा. वडिलांनी आजीला कॅरिअरवर बसवलं, मला नळीवर टाकलं आणि पर्वतीच्या पायथ्याशी मावशीकडे नेऊन सोडलं. त्या दिवशी चढ नव्हता तिथंही माझ्या डोक्यावर श्वास लागत होता. मी घंटी वाजवायला गेलो तर “राहू दे” म्हणाले. तेवढं एकदाच म्हणाले. मग ते आईला आणि धाकटीला आणायला परत गेले. येताना गुडघ्याच्या वर पाणी. धाकटी खांद्यावर, आईचा हात हातात. सायकल वाड्याच्या खांबाला साखळीनं बांधून ठेवली.

पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो, तेव्हा वाड्याची निम्मी भिंत पडली होती आणि ती सायकलीवर पडली होती. चिखलातून वडिलांनी तिला दोन्ही हातांनी उकरून काढली. पुढचा चिमटा वळला होता, नळी दोन बोटं वाकली होती. घरातलं बाकी काही उरलं नव्हतं. त्यामुळे तोटा किती झाला हा हिशेब करायची वेळच आली नाही. वडिलांनी तिचा नट अन् नट सुटा केला, छर्रे रॉकेलमध्ये टाकले आणि वाकलेला सांगाडा खांद्यावर घेऊन सायकलवाल्याकडे गेले. त्याची स्वतःची अवस्था आमच्यासारखीच. दुकान वाहून गेलेलं. त्यानं एक लांब लोखंडी पाइप शोधून आणला, तो चिमट्यात घातला, दोघं त्यावर लोंबकळले आणि चिमटा सरळ केला. नळी मात्र एक बोट वाकडीच राहिली. पुढल्या सोमवारी वडील त्याच सायकलीवर कचेरीत गेले.

तेव्हापासून ती डावीकडे ओढते. “सायकल समाजवादी झालीय,” वडील म्हणत. मी तिच्यावरच शिकलो, त्यामुळे दुसऱ्या सायकलीवर बसलो की मी उजवीकडच्या गटारात जातो.

असो. बुधवारी जावईबापूंनी आग्रहच केला, “एक चक्कर मारून या, बाबा.” गेलो. आणि खोटं कशाला बोलू? अहो, काय ती सायकल! पायडलवर पाय ठेवायचा अवकाश, की मागून कोणीतरी ढकलल्यासारखी निघते. चढ असा कळतच नाही. सत्तरी ओलांडलेल्या माझ्या गुडघ्यांना कॉलेजचे दिवस आठवले. पोलादाशी एवढी वर्षं केलेला संसार मी चांदणी चौकाच्या अलीकडेच मोडायला निघालो होतो!

वाटेत एका अमृततुल्यापाशी थांबलो. स्टँड नाही, म्हणून सायकल भिंतीला टेकवली. चहा हातात येतोय तोच शेजारची स्कूटर स्टँडवरून घसरली आणि तिच्या अंगावर पडली. हँडल बरोबर वरच्या नळीवर. मी धावत जाऊन पाहिलं, तर तांदळाच्या दाण्याएवढा ओरखडा. म्हटलं, देवाची कृपा.

घरी येऊन सांगितल्यावर जावईबापूंचा चेहरा उतरला. त्यांनी खिशातून एक नाणं काढलं आणि माठ घेताना वाजवून बघतात तसं नळीवर वाजवत गेले. टक, टक, टक... आणि ओरखड्यापाशी ‘ठप’.

“आतून थर सुटला असावा,” ते म्हणाले. “किती, ते वरून दिसत नाही.”

पोलाद वाकतं. वाकलेलं दिसतं, बऱ्याचदा कुरकुरतं, आपल्याला सावध व्हायला वेळ देतं, आणि पाइप घालून दोघं लोंबकळले तर परतही येतं. हे कापड वाकत नाही. भलतं सोसतं, आणि एखादे दिवशी न सांगता तुटतं. आता रोज हजारो लोक अशा सायकली सुखरूप चालवतात. आणि दुरुस्तीही होते म्हणा. खराब भाग घासून काढायचा, पुन्हा थर द्यायचे. पण ते काम जाणकाराचं, दोन-तीन आठवड्यांचं. तोवर बसायचं नाही.

मी खर्च देतो म्हटलं. “असू द्या, बाबा,” म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. रात्री जेवताना कोणी बोललं नाही. ही तर नोटिशीचंसुद्धा बोलली नाही, यावरून प्रसंग ओळखावा.

रविवारी सकाळी दूध आणायला खाली उतरलो आणि जिन्याखाली पाहिलं. सायकल नव्हती! नोटिशीचे आठ दिवस शनिवारीच संपले होते. मी पायजम्यावरच सेक्रेटरींच्या दारावर थापा मारल्या. ते उठेनात. तसाच कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे धावलो. दुकान बंद. फळीच्या फटीतून आत डोकावून पाहिलं, तर अंधारात चाकासारखं काहीतरी दिसलं आणि माझे पायच गेले. वडील गेले त्या दिवशी मी सगळ्यांना धीर देत हिंडत होतो. त्या रविवारी मात्र रद्दीच्या दुकानाच्या पायरीवर बसलो आणि मला उठवेना.

तेवढ्यात घंटी वाजली. एकदा नाही, सारखी, बेशिस्त, लहान मुलं वाजवतात तशी.

जावईबापू येत होते. घामानं निथळलेले, डावीकडे कलंडलेले. आणि नळीवर, टॉवेलाच्या घडीवर, आमची नात.

“हिला केव्हापासून सायकलवर चक्कर हवी होती,” ते धापा टाकत म्हणाले. “माझ्या सायकलवर बसवायला जागाच नसते. नळीला काही आवळायचंही नसतं.” मग उतरून त्यांनी सायकल न्याहाळली. “बाबा, पण ही डावीकडे ओढते.”

“१९६१ पासून,” मी म्हटलं.

त्यांनी वाकड्या नळीवरून हात फिरवला. त्यांना पानशेतची गोष्ट मुलीनं सांगितली असावी, कारण पुढं काही विचारलं नाही. “आमच्या पार्किंगमध्ये जागा आहे,” एवढंच म्हणाले. “सरळ करून घेऊ?”

“नको.”

नातीला खाली उतरवली, तेव्हा तिची एकच तक्रार होती.

“आजोबा, चढावर बाबा माझ्या डोक्यावर सारखं फू फू करतात!”

“होईल सवय,” मी म्हटलं, आणि दूध आणायचं राहिलं होतं ते आणायला गेलो.