अर्धा कोयता

दसरा सरला की गेवराई तालुक्यातून ऊसतोड टोळ्या निघतात आणि माझ्या वर्गातले बाक रिकामे होऊ लागतात. फडात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता.

१९८८ साली अब्बांनी मुकादमाकडून उचल घेतली. मी धाकटा, म्हणून मला नानीजवळ ठेवलं. भाईजान दहा वर्षांचे. ते सोबत गेले, वाढं गोळा करायला, कोपी राखायला. त्यांची शाळा तिथेच सुटली. चौदाव्या वर्षी ते अर्धा कोयता झाले. मी बीएड झालो.

वेगळं वाढलो असतो तर कोण झालो असतो, याची मला कल्पना करावी लागत नाही. तो माणूस दर ईदला माझ्या शेजारी बसून शीरखुर्मा खातो. टनांचा हिशेब तो तोंडी करतो. अर्ज मात्र, उर्दू असो की मराठी, माझ्याकडून लिहून घेतो. अक्कल आमच्या घरात सारखीच वाटली गेली होती. शाळा तेवढी एकाच्या वाट्याला आली.

परवा एक आई म्हणाली, "सर, धाकट्याला ठेवते, मोठ्याला नेते."

मी म्हणालो, "दोघांनाही ठेवा. हंगामी वसतिगृहाचं मी बघतो."