तेल पाहायला गेलो

लहानपणाची बरीचशी वर्षं मी रॉकेलच्या रांगेत काढली. आमच्या चाळीत अभ्यासाला बसलेल्या मुलाला उठवायला एकच कारण सर्वमान्य होतं, 'रॉकेल आलंय!' हातात पाच लिटरचा डबा, खिशात रेशनकार्ड आणि डोळ्यांसमोर पुढच्या माणसाची मान. त्या मानेकडे बघत मी ठरवून टाकलं होतं, की मोठेपणी आपण तेलाच्या विहिरीचे मालक व्हायचं. पुढे बी.कॉम. झालो आणि बँकेत चिकटलो. विहिरीशी संबंध आला तो फक्त कर्जापुरता, आणि त्या विहिरींना पाणीसुद्धा लागत नसे.

ही जुनी खपली काढली ती शेजारच्या काउंटरवरच्या मित्राने. हा मूळचा उरणचा. सगळा स्टाफ त्याला उरणकर म्हणतो. एकदा सहज म्हणालो, "तुमच्याकडे तेल आहे म्हणे?" तो म्हणाला, "ये की बघायला."

सौभाग्यवतीने तेवढ्यात व्यवहार सुचवला, "परत येताना खोबरेल मिळालं तर आणा."

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाला, त्याच महिन्यात उरणपर्यंत लोकलही पोचली. पण तेल जर समुद्रातून येतं तर आपणही समुद्रातूनच जावं, या तात्त्विक भूमिकेने मी भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच धरली. डावीकडे घारापुरी, आजूबाजूला तेलवाहू जहाजं. मी उगाचच कुवेतच्या शेखासारखा मान ताठ करून बसलो. मात्र मोऱ्याला गाळ फार. ओहोटीला पाणी उतरलं की लाँच धक्क्याला लागेना. शेखसाहेब चपला हातात घेऊन अर्धा तास ताटकळले.

तेलाचं गाव म्हणजे खजुराची झाडं, संगमरवरी वाडे आणि घरागणिक चार मोटारी, अशी माझी कल्पना. प्रत्यक्षात लागली ती कोकणातली साधी बाजारपेठ. एका ठिकाणी दोरीवर कुणी तरी पांढरे मोजे वाळत घातले होते. जवळ गेल्यावर नाकाने दुरुस्ती केली. ते बोंबील होते.

उरणकरच्या वडिलांना सगळी आळी तात्या म्हणते. मी तेल बघायला आलोय हे ऐकून ते आगरी बोलीत जे म्हणाले ते मला जमेल तसं सांगतो, "मग इथं कशाला आलात? वाण्याकडे जायचं!" मग दया येऊन त्यांनी समजावलं. विहिरी इथे नाहीतच. त्या मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटर आत, भर समुद्रात. १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ने तिथे भोक पाडलं आणि तेल लागलं. १९७६ पासून उत्पादन सुरू झालं. ते तेल आणि गॅस समुद्राच्या तळाशी घातलेल्या नळांतून उरणला येतो, इथे त्याची साफसफाई होते आणि पुढे रवानगी. स्वयंपाकाचा गॅसही इथे निघतो.

"म्हणजे आमच्या घरची आमटी तुमच्या जिवावर!" मी म्हणालो.

"बरी होते ना? झालं तर मग," तात्या म्हणाले.

जेवताना पानावरच्या गप्पांत कुणी तरी 'साडेबारा टक्के' म्हणालं आणि माझे कान टवकारले. बँकेतल्या माणसाला टक्के ऐकू आले की राहवत नाही. मी विचारलं, "इतकं व्याज कुठल्या बँकेत मिळतं हो?"

पंगत एकदम गप्प झाली. उरणकरने माझ्या पायावर पाय दिला. तात्या मात्र रागावले नाहीत. भात कालवत म्हणाले, "ते व्याज नव्हे. मुद्दल आहे."

मग त्यांनी सांगितलं. नवं शहर आणि बंदर यांसाठी जमिनी जायच्या होत्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या मागे शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला गोळीबार झाला, पाच माणसं गेली. त्या लढ्यातून पुढे आलं, की घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत मिळावी. तात्या त्या गर्दीत होते. किती वर्षांचे होते, हे मी विचारलं नाही. वीस वर्षं लोकांच्या पासबुकात आकडे भरणाऱ्या मला टक्क्याच्या मागे माणसं असतात हे त्या दिवशी कळलं. हातातला घास जरा वेळ तसाच राहिला.

संध्याकाळी आम्ही पीरवाडीच्या किनाऱ्यावर गेलो. प्रकल्पाच्या उंच नळीवर ज्वाळा जळत होती. "हे बघ तुझं तेल," उरणकर म्हणाला. खरं तर तो गॅस होता, पण मी समाधान मानून घेतलं. तात्यांची नजर दुसरीकडे होती. भराव घातलेल्या एका तुकड्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "तिथं आमचं मिठागर होतं." भरतीचं पाणी आत घ्यायचं, बांध घालून कोंडायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात नेत उन्हावर आटवायचं; होळीच्या सुमाराला सगळं शेत पांढरंशुभ्र. "धाकटा लागला नोकरीला, घर पक्कं झालं, नातवंडं इंग्रजी बोलतात. वाईट झालं असं नाही म्हणत मी," तात्या म्हणाले. "पण मीठ मात्र आता मीसुद्धा पिशवीतलंच विकत आणतो."

निघताना त्यांनी कागदाची एक पुडी हातात ठेवली. आत जाडं, जरासं मातकट मीठ. मिठागराचं शेवटचं पीक. एका बरणीत त्यांनी इतकी वर्षं ते जपून ठेवलं होतं.

घरी आल्यावर सौभाग्यवतीने विचारलं, "खोबरेल?"

मी पुडी पुढे केली. तेल गेलं, तूप गेलं, हाती मीठ आलं! तिने पुडी उलगडली, हसायला तोंड उघडलं, आणि मी सगळी हकिगत सांगितल्यावर मिटलं. एक लहान बरणी धुऊन, पुसून तिने ते मीठ तीत भरलं. मी बरणीवर चिठ्ठी चिकटवली : 'मुदत ठेव. मुदतीपूर्वी मोडू नये.'

पावसाळ्यात ठेवीला पाणी सुटतं. पण अजून मोडलेली नाही.