आज्याच्या लग्नाचं देणं

आमच्या घरात जुन्या गोष्टी निघाल्या की पहिली आज्याच्या लग्नाची निघे. मुरबाडच्या डोंगरपट्टीतले आम्ही ठाकूर. आज्यानं लग्नाला सावकाराकडून पैसे घेतले आणि दोघं नवराबायको त्याच्या दारी राबू लागली. अशाला लग्नगडी म्हणत. आजा नांगर धरी, आजी शेण काढी, भात सडी. मजुरी पोटापुरती. पावसाळ्यात खावटी घ्यावी लागे, ती सुगीत खळ्यावरच दीडपटीनं मोजून जाई. वहीत काय लिहिलंय ते मालकालाच ठाऊक. आज्याचा फक्त अंगठा. तो गेला तरी देणं फिटलं नाही, म्हणून थोरला चुलता त्याच्या जागी गेला.

त्या पिढीला टिटवाळ्याचा अभिमान फार. 7 जानेवारी 1945 ला तिथं किसान सभेची परिषद भरली. तिथून परतलेल्या वारल्यांनी गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीनं डहाणू-तलासरीकडे वेठ बंद पाडली, लग्नगडी सोडवले, पाचशे रत्तल गवताच्या कापणीला अडीच रुपये मागितले. 10 ऑक्टोबरला तलवाड्यात पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पाच जण गेले. त्यातल्या जेठ्या गांगडचं नाव आजी घरच्या माणसासारखं घेई.

आमच्याकडे तो वारा उशिरा पोचला. एका सुगीला चुलता मालकाकडे गेलाच नाही. माणूस बोलवायला आला तेव्हा आजी दारात आडवी झाली. "पोर यायचा नाही. आमच्या हाडांनी फिटलंय तुमचं." आम्हा भावंडांना हे वाक्य तिच्याच आवाजात पाठ आहे. त्या रात्री घरात कुणी झोपलं नाही.

पुढे कॉलेजात वाचलं, अमेरिकेत 1865 ला गुलामी संपली तरी दक्षिणेत अर्धलीनं शेत करणारे काळे लोक मालकाच्या वहीतच अडकलेले होते. अलाबामात त्यांनी 1931 साली संघटना बांधली, तेव्हा त्यांच्यावरही गोळ्या चालल्या. ते वाचताना आम्हाला आजीच आठवली.

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून आजही कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. हिशेब अजून मालकाकडेच असतो. तुमच्या ओळखीत कुणाला उचलीपायी अडकवून ठेवलं असेल तर प्रांताकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे जा. 1976 च्या कायद्यानं वेठबिगारीचं ते कर्जच रद्द होतं; एक पैसाही फेडायचा नसतो.